न विरघळणारं केमिकल आणि शेवाळाची टेस्ट: दरवेळी रिझल्ट वेगळा का येतो

डोस वाढवत नेला तरी शेवाळाला काही होत नाही, कधी कधी तर कमी डोसच्या फ्लास्कमध्ये वाढ थांबलेली असते आणि सगळ्यात जास्त डोसच्या फ्लास्कमध्ये मात्र हिरवंगार, आणि पुढच्या वेळी तीच टेस्ट लावली की भलतंच काहीतरी. प्रोजेक्टचा सीझन सुरू झाला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. सोलापुरात तो जास्त येतो त्याला कारणही आहे, इथं टॉवेल-चादरीचा धंदा, त्यामुळे पोरं-पोरी विषय घेतात ते डाइंगमधले नाहीतर फिनिशिंगमधले, आणि त्यातली बरीच केमिकल्स पाण्यात धड विरघळतच नाहीत. व्हॅट डाय (कापडाचा एक न विरघळणारा रंग) घ्या, अँटीबॅक्टेरियल फिनिशमध्ये वापरतात ते ट्रायक्लोसान घ्या. टेस्ट (शेवाळाच्या फ्लास्कमध्ये वेगवेगळ्या डोसने केमिकल घालून वाढ किती घटते ते बघायचं) मात्र सगळे अशी लावतात जणू समोर पोटॅशियम डायक्रोमेट आहे, टाकलं की विरघळलं.

"शंभर एमजी टाकलो की सर, तरी काय होईना," असं एक जण परवा म्हणाला. मी त्याला विचारलं, टाकलास शंभर, पण पाण्यात विरघळलेलं किती आहे? तेच कुणी बघत नाही. शेवाळाच्या पेशीत जातं ते विरघळलेलं केमिकल. तळाला बसलेलं, काचेला चिकटलेलं, वर तरंगणारं, ते वजनात धरलं जातं पण पेशीपर्यंत पोचत नाही. आणि पोचलंच तर विष म्हणून नाही, कचरा म्हणून पोचतं, म्हणजे पेशीला चिकटून बसतं नाहीतर लाइट अडवतं. या पोस्टमधला बाकीचा सगळा उपद्व्याप याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी कंट्रोल बघा

केमिकलकडे जायच्या आधी कंट्रोल, म्हणजे केमिकल न घातलेले फ्लास्क. आपण जी टेस्ट लावतो ती बहुतेक ओईसीडीच्या (केमिकल टेस्टच्या गाइडलाइन काढणारी आंतरराष्ट्रीय संघटना) २०१ नंबरच्या गाइडलाइनवरून असते, ७२ तास, २१ ते २४ डिग्रीमध्ये एक तापमान ठरवून ते ±२ डिग्रीत ठेवायचं, लाइट सतत चालू. तिच्यात स्पष्ट दिलंय की कंट्रोलमधलं शेवाळ ७२ तासांत निदान १६ पट व्हायलाच पाहिजे, म्हणजे वाढीचा दर दिवसाला ०.९२. १०,००० पेशी प्रति मिलीने सुरू केलं तर शेवटी १,६०,००० तरी हवेत. खरं सांगायचं तर राफिडोसेलिस सबकॅपिटाटा या टेस्टच्या नेहमीच्या शेवाळाची तब्येतीची कल्चर शंभरपटीच्या आसपास आरामात जाते, तुमची जर जेमतेम १६ वर येत असेल तर टेस्ट पास झाली म्हणून खूश होऊ नका, कल्चरला काहीतरी दुखतंय. कंट्रोलच्या रेप्लिकेट्समधल्या (एकसारख्या फ्लास्कमधल्या) सरासरी वाढीच्या दराचा सीव्ही, म्हणजे आपसातला फरक, या जातीला ७ टक्क्यांच्या आत हवा, आणि कंट्रोलचा पीएच दीड युनिटपेक्षा जास्त चढायला नको. कंट्रोलचे सहा फ्लास्क, प्रत्येक डोसचे निदान तीन. सहा कशाला, तीन पुरेत असं खूप जण करतात आणि मग सॉल्व्हंटचा (केमिकल विरघळवायला वापरतात त्या द्रवाचा) परिणाम आहे की नुसताच गोंधळ आहे ते कळत नाही.

सोलापुरात कंट्रोल बिघडायची कारणं ठरलेली आहेत. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ आणि ट्यूबलाइटच्या रॅकवर फ्लास्कमधलं पाणी खोलीपेक्षा गरम, त्यात लाइट गेली की एसी बंद. थर्मामीटर खोलीत लावू नका, त्याच रॅकवर एका फ्लास्कमध्ये साधं पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवा आणि किमान-कमाल नोंदवा. जमत असेल तर मेन टेस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, उन्हाळ्यात नुसतं अ‍ॅनालिसिसचं काम ठेवा. ट्यूबच्या जागी एलईडी लावल्या तरी उष्णता बरीच कमी होते. लाइट ६० ते १२० मायक्रोआइन्स्टाइन (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) लागतो, लक्समीटरवर ढोबळ ४,४०० ते ८,९०० लक्स, आणि रॅकच्या कडेला आणि मध्ये वेगवेगळा येतो म्हणून फ्लास्कच्या जागा रोज बदला.

पाणी दुसरं कारण. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मधल्या काळात बोअर नाहीतर टँकर, आणि डिस्टिलेशन युनिटला जे मिळेल ते. बोअरचं पाणी जड असतं, युनिट नीट साफ केलेलं नसेल तर क्षार पुढे येतात. दुसरं, बायकार्बोनेट घालून मीडियम (शेवाळ वाढवायचं क्षारांचं पाणी) ऑटोक्लेव्ह केलं की पीएच चढतो आणि कॅल्शियमचे पांढरे कण बसतात. हे पांढरे कण बघून लोकांना वाटतं केमिकल बाहेर पडलं! बायकार्बोनेट वेगळं ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून थंड मीडियममध्ये घाला, आणि मीडियम एक दिवस हवेशी बरोबरी होऊ देऊन मगच पीएच बघा. ओईसीडी मीडियमचा ८.१ च्या जवळ असतो, एएपी या दुसऱ्या मीडियमचा ७.५.

आणि कंबर तलावातलं किंवा हिप्परग्याचं हिरवं पाणी आणून त्यावर टेस्ट लावू नका. तलावाचा अभ्यास म्हणून ते चांगलंच आहे, जरूर करा, पण त्यात दहा जाती, बॅक्टेरिया, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव सगळं एकत्र असतं, कोण वाढलं आणि कोण मेलं कळणार नाही. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा कल्चर संग्रह आहे, तिथे चौकशी करून शुद्ध कल्चर आणा आणि टेस्टच्या दोन-चार दिवस आधी त्याच मीडियममध्ये, त्याच लाइटमध्ये वाढवून घ्या.

आता फ्लास्क अंधारात न्या

कंट्रोल नीट असेल तर आता केमिकल. सगळ्यात स्वस्त तपासणी: शेवाळ न घातलेला, फक्त केमिकल असलेला फ्लास्क अंधाऱ्या खोलीत न्या आणि बाजूने साधा लेझर पॉइंटर मारा (डोळ्यांत जाऊ देऊ नका). किरणाची रेघ पाण्यातून ठळक दिसली तर त्यात कण आहेत, नुसत्या डोळ्यांना पाणी कितीही स्वच्छ दिसो. नुसत्या मीडियमचा फ्लास्क शेजारी ठेवून तुलना करा, कारण धुळीचीही थोडी रेघ येते. हळद पाण्यात ढवळली की पाणी पिवळं होतं पण हळद विरघळलेली नसते, अर्ध्या तासाने तळाशी बसते, तसलंच हे आहे, फक्त कण इतके बारीक की बसायला दिवस लागतात.

तीन-चार वरच्या डोसमध्ये रेघ दिसत असेल तर त्या सगळ्या फ्लास्कमध्ये विरघळलेलं प्रमाण जवळपास एकच आहे. ट्रायक्लोसान पाण्यात लिटरला साधारण १० मिलिग्रॅमच विरघळतं. मग १०, ३२ आणि १०० मिलिग्रॅमचे तीन फ्लास्क म्हणजे तीन डोस नाहीत, एकच डोस आणि खाली कमी-जास्त गाळ. ग्राफ वर सपाट येतो तो म्हणूनच. आणि उलटा कधी येतो? गाळ जास्त असला की उरलेलं केमिकलही त्या कणांना धरून एकत्र गोळा होतं, क्रिस्टल मोठे होतात, तळाला जातात, पाणी उलट स्वच्छ होतं. कमी डोसला मात्र बारीक कण तसेच तरंगत पेशींना चिकटतात. म्हणून मधल्या फ्लास्कमध्ये जास्त परिणाम आणि वरच्यात कमी. यात शेवाळाचा काही दोष नाही.

उपाय असा की वरचा डोस विरघळण्याच्या मर्यादेवर थांबवायचा, त्याच्यापुढे जायचंच नाही. स्वच्छ काचेच्या बाटलीत जास्तीचं केमिकल आणि मीडियम घ्या, मॅग्नेटिक स्टररवर हळू, भोवरा पडणार नाही इतक्या हळू, २४ ते ४८ तास फिरवा, टेस्टच्याच तापमानाला, बाटलीला फॉइल गुंडाळून. मग फिरवणं बंद करून बसू द्या आणि मधल्या थरातलं पाणी काढा, वरचं नको, तळाचं नको. ते सेंट्रिफ्यूज करा. हे झालं संपृक्त द्रावण, म्हणजे तुमचं १०० टक्के, त्याचं मीडियमने ३२, १०, ३.२, १ टक्के करत खाली या.

सेंट्रिफ्यूजऐवजी फिल्टर केलं तर चालेल का, हे प्रत्येक जण विचारतं. चालतं, पण मेम्ब्रेन फिल्टर असली तेलकट स्वभावाची केमिकल्स स्वतःच शोषून घेतो, पहिलं पाणी तर जवळजवळ रिकामं येतं. म्हणून आधी बरंच द्रावण फिल्टरमधून जाऊ द्या, ते फेकून द्या, मग पुढचं घ्या, आणि फिल्टरच्या आधीचं-नंतरचं दोन्ही मोजा.

एक मोठा अपवाद. तुमच्याकडे शुद्ध केमिकल नसून बाजारातलं फिनिशिंग प्रॉडक्ट असेल, ज्यात चार-पाच घटक आहेत, तर संपृक्त द्रावण करून ते पातळ करत जायचं नाही. प्रत्येक घटक वेगळ्या प्रमाणात विरघळतो, त्यामुळे लिटरला १ मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम यातून पाण्यात उतरणारं मिश्रणच वेगळं असतं. तिथे प्रत्येक डोसची बाटली स्वतंत्र लावायची, आणि रिझल्ट लिहिताना पाण्यातलं प्रमाण न लिहिता किती टाकलं ते लोडिंग म्हणून लिहायचं. बाजारातल्या व्हॅट आणि डिस्पर्स डायमध्ये तर डिस्पर्सिंग एजंट (कण पाण्यात तरंगते ठेवणारा पदार्थ) भरपूर असतो, लिग्नोसल्फोनेट वगैरे, त्यामुळे पावडर पाण्यात छान मिसळलेली दिसते आणि पोरं लिहितात "विरघळला". तो एजंट वेगळा मिळत असेल तर त्याचाही एक कंट्रोल लावा.

सॉल्व्हंट घातला म्हणजे सुटलो असं नाही

अ‍ॅसिटोन किंवा डीएमएसओमध्ये विरघळवून टाकतात. गाइडलाइन लिटरला ०.१ मिलीपर्यंत परवानगी देते, म्हणजे १०० मिलीच्या फ्लास्कला फक्त १० मायक्रोलिटर. सगळ्या डोसना सॉल्व्हंट सारखाच पाहिजे, जास्त डोसला जास्त असं अजिबात नको, आणि सॉल्व्हंटचा कंट्रोल वेगळा. पण मुख्य मुद्दा हा की इतक्या थोड्या सॉल्व्हंटने पाण्याची विरघळवण्याची ताकद वाढत नाही. सॉल्व्हंटमधलं केमिकल मीडियममध्ये पडलं की सॉल्व्हंट पसरून जातो आणि केमिकल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तिथल्या तिथे बारीक ढगासारखं बाहेर पडतं. सॉल्व्हंटचा उपयोग थोडं प्रमाण नीट मोजून टाकायला. शिवाय बॅक्टेरियांना हे सॉल्व्हंट खाद्य म्हणून चालतात, कल्चर शुद्ध नसेल तर तिसऱ्या दिवशी फ्लास्क गढूळ होतो.

मी तरी सांगेन की अ‍ॅसिटोनमधलं (डीएमएसओ सहज उडत नाही) केमिकल आधी रिकाम्या बाटलीत आतून पसरवा, सॉल्व्हंट फ्यूम हूडमध्ये पूर्ण उडू द्या, मग मीडियम घालून हळू फिरवा. वेळ जातो पण शेवाळाच्या फ्लास्कमध्ये सॉल्व्हंटच राहत नाही, म्हणजे तो एक वाद मिटला.

व्हॅट डायवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण ही गोष्ट डायहाउसशी ओळख असलेली पोरंच करतात. डाइंगवाले व्हॅट डाय हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक सोडा घालून विरघळवतात, तर आपणही तसंच करू. नका करू. हायड्रो पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, कॉस्टिकने पीएच गगनाला जातो, शेवाळ त्यानेच मरतं, आणि तो डाय हवा लागली की परत न विरघळणाऱ्या रूपात येऊन तळाला बसतो. रिझल्टमध्ये डायचं नाव आणि मारणारा दुसराच. डायहाउसच्या सांडपाण्याचा परिणाम बघायचा असेल तर तो वेगळा आणि महत्त्वाचा विषय आहे, तो त्या नावाने करा.

कमी डोसला केमिकल गायब होतं

वर गाळाचा प्रॉब्लेम, खाली गायब होण्याचा. ट्रायक्लोसानचं उदाहरण इथे फार बोलकं आहे कारण शेवाळाला ते भयंकर लागतं, लिटरला काही मायक्रोग्रॅमलाच वाढ निम्म्यावर येते, म्हणजे विरघळण्याच्या मर्यादेच्या हजारपटीहून खाली. म्हणून ज्यांनी १ ते १०० मिलिग्रॅम लावलं त्यांचे सगळेच फ्लास्क मेले, ग्राफच नाही, आणि ज्यांनी योग्य जागी, मायक्रोग्रॅममध्ये लावलं त्यांचे आकडे दरवेळी वेगळे. का? लॉग केओडब्ल्यू (केमिकल किती तेलकट स्वभावाचं त्याचं माप) ४.८ च्या आसपास, म्हणजे पाण्यात राहण्यापेक्षा प्लास्टिक, रबर, टिपची आतली बाजू, फ्लास्कची काच, आणि खुद्द शेवाळ, यांना चिकटणं त्याला जास्त आवडतं. पहिल्या दिवशी शेवाळ थोडं असतं, तिसऱ्या दिवशी शंभरपट, तेवढा चिकटायला पृष्ठभाग वाढला. शिवाय ते लाइटमध्ये तुटतं. आणि त्याचा पीकेए ८ च्या जवळ, म्हणजे पीएच ८ ला निम्मं एका रूपात निम्मं दुसऱ्या, आणि शेवाळ वाढताना कार्बन डायऑक्साइड ओढून पीएच चढवतं तेव्हा पेशीत सहज शिरणारं रूप कमी होत जातं. एका टेस्टला पीएच ७.६ आणि दुसऱ्या टेस्टला ८.८, तर दोन वेगळे रिझल्ट येणारच. फ्लास्क सतत हलवत ठेवा, सुरुवातीच्या पेशी कमी ठेवा (५,००० ते १०,००० प्रति मिली), आणि पीएच सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक डोसचा लिहा, फक्त कंट्रोलचा नाही.

काच वापरा, प्लास्टिक नको. फ्लास्क आधी त्याच द्रावणाने भरून ठेवा, ओता, मग नवीन द्रावण भरा, म्हणजे काचेची भूक आधीच भागते. आणि मोजा. सुरुवातीला, २४ तासांनी, ७२ तासांनी, शेवाळ असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही फ्लास्कमधलं. प्रमाण ठरवलेल्याच्या ±२० टक्क्यांत टिकलं तर टाकलेला आकडा वापरा, नाहीतर मोजलेल्या प्रमाणांचा जिऑमेट्रिक मीन घ्या. एचपीएलसीची (केमिकलचं प्रमाण मोजायचं मशीन) वेळ मिळत नाही, सॅम्पलचे पैसे लागतात, हे मला माहीत आहे, पण मग डोसची संख्या कमी करा, पाचच ठेवा, आणि वाचलेल्या पैशात मोजा. न मोजलेल्या दहा डोसपेक्षा मोजलेले पाच कितीतरी कामाचे.

प्रमाण टिकतच नसेल तर पॅसिव्ह डोसिंग बघा. सिलिकॉनच्या ओ-रिंग मेथेनॉलमधल्या केमिकलच्या द्रावणात भिजवून भरायच्या, पाण्याने धुवायच्या, फ्लास्कमध्ये टाकायच्या. पाण्यातलं कमी झालं की रिंगमधून तेवढं परत येतं. सिलिकॉन चांगल्या प्रतीचं घ्या आणि आधी सॉल्व्हंटने धुऊन काढा, आणि रिकाम्या रिंगचा कंट्रोल लावा.

रंगीत केमिकल आणि मोजणी

निळा डाय घातला, शेवाळ कमी वाढलं, म्हणून डाय विषारी? असेलही, पण लाइट अडला म्हणूनही तेच होतं. वेगळं करायला एक सोपा प्रयोग: साध्या मीडियममधलं शेवाळ घ्या आणि त्याच्या आणि लाइटच्या मध्ये डायच्या द्रावणाचा थर ठेवा, चपट्या काचेच्या भांड्यात, तेवढ्याच जाडीचा. दुसरीकडे डाय शेवाळातच. दोन्हीकडे सारखीच घट आली तर ती सावली आहे. फ्लास्कमध्ये द्रावणाचा थर पातळ ठेवलात तरी सावली कमी होते.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ओडी (द्रावण किती लाइट अडवतं त्याचा आकडा) घेणाऱ्यांनी सावध राहा, तरंगणारे कण आणि रंग दोन्ही ओडी वाढवतात. म्हणजे वरच्या डोसला शेवाळ "जास्त" दिसतं ते बऱ्याचदा केमिकलच असतं. शेवाळ नसलेला तोच डोस ब्लँक म्हणून वजा करा, आणि तरी शंका असेल तर सरळ मायक्रोस्कोपखाली मोजा. फक्त हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) सुरुवातीचं प्रमाण मोजायचा हट्ट सोडा. मोठा चौकोन ०.१ मायक्रोलिटरचा, म्हणजे १०,००० प्रति मिलीला एका चौकोनात सरासरी एकच पेशी, त्या मोजणीला काही अर्थ नाही. दाट कल्चर मोजा, तिथून पातळ करून सुरुवातीचा आकडा गणिताने काढा.

आता गणित. दोन जणांचे रिझल्ट जुळत नाहीत म्हणून भांडण होतं आणि शेवटी कळतं की एकाने वाढीचा दर घेतलाय आणि दुसऱ्याने यील्ड, म्हणजे शेवटी एकूण किती भर पडली ते. समजा कंट्रोल १०० पट वाढला आणि केमिकलवाला फ्लास्क १० पट. दरावरून घट ५० टक्के, कारण १० चा लॉग हा १०० च्या लॉगच्या निम्मा. यील्डवरून, ९९ विरुद्ध ९, घट ९१ टक्के. फ्लास्क तोच. म्हणून ईसी५० (परिणाम निम्म्यावर आणणारं प्रमाण) लिहिताना कशावरून ते लिहिलंच पाहिजे, आणि माझ्या मते दर मुख्य धरावा, कारण यील्डचा आकडा टेस्ट किती दिवस चालली आणि कंट्रोल किती जोरात वाढला यावर फार हलतो.

विरघळण्याच्या मर्यादेपर्यंत जाऊनही काही परिणाम दिसला नाही तर तोही पूर्ण रिझल्ट आहे. "संपृक्त द्रावणात, मोजलेल्या इतक्या प्रमाणाला, ७२ तासांत परिणाम नाही" असं लिहा. "१०० मिलिग्रॅमला सुरक्षित" असं लिहू नका, कारण १०० पाण्यात नव्हतंच, आणि असं वाक्य उद्या कुणीतरी नाल्यात सोडायची परवानगी मागताना दाखवेल. न विरघळलेलं केमिकल तळाच्या गाळात जातं, तिथल्या जिवांवरची टेस्ट वेगळी असते, हेही एका ओळीत नमूद करा. उरलेली द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करून लॅबच्या केमिकल कचऱ्यात द्या.

अवघड केमिकल्ससाठी ओईसीडीचं २३ नंबरचं गाइडन्स डॉक्युमेंट आहे, २००० साली आलेलं आणि २०१९ ला सुधारलेलं, फुकट मिळतं, त्यातला संपृक्त द्रावणांचा भाग तरी वाचाच. आणि तरी अडलं तर विचारा, पण विचारताना हे आकडे सोबत द्या: केमिकलचं नाव आणि पाण्यातली विद्राव्यता, कोणतं मीडियम, कंट्रोल किती पट वाढला, प्रत्येक डोसचा सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, सॉल्व्हंट किती, लेझरची रेघ कोणत्या डोसपासून दिसते, आणि रॅकवरच्या फ्लास्कमधलं किमान-कमाल तापमान. एवढं हातात असेल तर बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते तिथेच दिसतं.